पाच टोग्यांवरचा डाग

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणत दामाने रिकामा पेला ओपियाच्या दगडी ओट्यावर पालथा घातला. “पण ते मी तुडवलंय. या दोन पायांनी.”

आणि पुरावा म्हणून त्याने एक पाय खरोखरच उचलून ओट्यावर ठेवला.

“पाय खाली घे मेल्या!” ओपिया पळी घेऊन धावली. “इथे लोक जेवतात.”

“मुताचा वास मारतोय,” सेपियस न्हावी नाक दाबत म्हणाला.

“सिनेटरांच्या टोग्यांनाही हाच येतो. ते वरून अत्तर मारतात, मी गरीब माणूस आहे.”

दामा परीट होता; रोममध्ये कपड्यांचा मळ मुतानेच काढत. चाळीस वर्षं तो शिळ्या मुताच्या कुंडीत गुडघाभर उभा राहून रोमच्या मोठ्या घरांची अब्रू तुडवत आला होता, आणि त्याच्या पायांची कातडी उकडलेल्या कांद्यासारखी सुटी झाली होती. संध्याकाळच्या आत काम संपलं की तो ओपियाच्या गुत्त्यात यायचा आणि एका पेल्याच्या बदल्यात एक गोष्ट सोडायचा. मागच्या महिन्यात त्याला एका न्यायाधीशाच्या टोग्याच्या, म्हणजे अंगाभोवती लपेटायच्या लांब पांढऱ्या वस्त्राच्या, घडीत जिवंत कासव सापडलं होतं. त्याआधी टायबर नदी अर्धा प्रहर उलटी वाहिली होती, आणि त्यामुळे त्या दिवशीचे सगळे कपडे एका कष्टात दोनदा धुतले गेले होते. लोक पोट धरून हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

“निवडणूक तोंडावर आली आहे,” दामाने सुरुवात केली. “उभे राहणारे सगळे आमच्याकडे टोगे पाठवतात. खडू लावून पांढरेफेक करून द्या, म्हणजे लोकांना लांबून दिसू. बरोबर? तर परवा सकाळी पाच घरांतून पाच टोगे आले. प्रत्येकाच्या कोपऱ्याला आपापल्या घराच्या दोऱ्याची खूण. मी एक उलगडला. डाव्या काठाला तळहाताएवढा डाग. म्हटलं, सांडलं असेल. दुसरा उलगडला. डावा काठ, तळहाताएवढा डाग. तिसरा...”

“पाचही?” सेपियसने विचारलं.

“गोष्ट तू सांगतोयस की मी?”

“बरं, सांग बाबा.”

“पाचही. मग मी चाखून पाहिलं.”

“शी!” ओपिया म्हणाली.

“अगं, परीट चाखतोच. तेल असेल तर एक उपाय, वाइन असेल तर दुसरा. ही वाइन होती.” तो थांबला, पुढे वाकला. “आणि वाइनमध्ये कालवलेलं रक्त.”

“कोंबडीचं असेल.”

“कोंबडीचं रक्त खारट लागतं. हे गोडसर होतं. पाच मोठी माणसं एका पेल्यातून माणसाचं रक्त पितात, डाव्या हाताने, घाईघाईने, आणि थोडं थोडं प्रत्येकाच्या अंगावर सांडतं, ती काही पोराच्या बारशाला जमलेली नसतात, सेपियस. ती शपथ घ्यायला जमलेली असतात.”

“कशाची?”

दामाने हात वर करून छताकडे, म्हणजे साऱ्या शहराकडे, बोट फिरवलं आणि फुंकर मारली. सगळं जळून गेलं.

कोणीतरी नावं विचारली. दामाने आवाज खाली आणून चार नावं सांगितली. निवडणुकीला उभ्या असलेल्यांचीच, भिंतीभिंतीवर रंगवलेली. पाचव्यापाशी मात्र त्याची जीभ अडखळली. पाचव्या टोग्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचे दोन टाके होते. ते टाके घालायला त्याला कोणे एके काळी, तो गुलाम असताना, त्याच घरात शिकवलं होतं.

“पाचव्याची खूण उसवली होती,” तो म्हणाला.

गुत्ता हसला. एक खेचरवाला म्हणाला की म्हाताऱ्याला पाचवं नाव सुचलंच नाही. कोपऱ्यात वाटाण्याची आमटी खात बसलेला एक नीटनेटका माणूस मात्र हसला नाही. त्याने आपली सुरई उचलली, येऊन दामाच्या पेल्यात ओतली, आणि गोड आवाजात म्हणाला,

“ती चार नावं पुन्हा सांगा ना, बाबा. मजा आली.”

दामाला त्याची गोष्ट पुन्हा सांग म्हणून आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्याने सांगितली. सावकाश, एकेक नाव सुटं करून.

*

खरी हकीगत अगदी मिळमिळीत होती. दामाचे गुडघे दुखत होते. दोन कुंड्या तुडवायच्या जिवावर आल्या, म्हणून त्याने कोणा शिपायाचा मंजिष्ठात रंगवलेला लाल झगा त्या पाच टोग्यांबरोबर एकाच कुंडीत टाकला. झगा नवा होता आणि त्याचा रंग कच्चा होता. पाचही टोगे एकावर एक घडी घातलेले असल्यामुळे रंग एकाच जागी, एकाच आकारात पाचांमध्ये उतरला. गंधकाची धुरी दिली तेव्हा लाल जाऊन वाळलेल्या रक्ताचा तपकिरी राहिला. पाच टोग्यांची भरपाई करायची तर दामाला पुन्हा स्वतःला विकायला लागलं असतं. त्यामुळे धुलाईखान्याचा मालक शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “हे असेच आले होते, मालक. रक्त आहे.”

मालकाने डाग पाहिला, कोपऱ्यांवरच्या पाच खुणा पुन्हा तपासल्या, आणि डागांवर खडू फासून टोगे परत पाठवले. असल्या बाबतीत गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं.

*

त्यानंतर चौथ्या सकाळी दामा लुसियस वेतिलियसच्या दारी मुजऱ्याला गेला. ज्याने मोकळं केलं त्याच्या दाराशी उजाडता उजाडता जाऊन उभं राहायचं, हा रिवाज तो अकरा वर्षं पाळत होता. एरवी अंगणात तीस-चाळीस माणसं दाटीवाटीने उभी असत. आज सातच होती, आणि तीही भिंतीला लागून, एकमेकांपासून लांब. नेहमी धन्याच्या मागे लागणारा एक तोतरा ग्रीक कवीसुद्धा आला नव्हता.

दारवानाने दामाला एकट्याला आत घेतलं.

वेतिलियस चाळिशीचा, गोऱ्या रंगाचा, थोडा स्थूल माणूस होता. गुलामांवर हात उचलताना डोळे मिटून घेणारा. आज त्याने दाढी केलेली नव्हती. बाजूच्या खोलीचं दार त्याने स्वतः लावलं.

“दामा, ती टोग्यांची गोष्ट तुझी का रे?”

दामाने पायांकडे पाहिलं.

“गंमत होती, धनी. ओपियाच्या गुत्त्यात जरा...”

“काल दोन दंडधारी आले होते. छड्यांच्या मोळ्या खांद्यावर घेऊन, इथे अंगणात उभे. म्हणाले, कॉन्सलसाहेबांना आपला टोगा बघायचाय. नुसता बघायचाय.”

“मग? दाखवलात?”

“मी परवाच तो जाळला.”

दामाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

“जाळलात? कशाला, धनी?”

“डाग होता त्यावर! कुठून आला मला माहीत नाही, आणि गावभर लोक बोलतायत की डाग असलेले पाच टोगे आहेत!” वेतिलियसचा आवाज फुटला, त्याने तो पुन्हा आवरून धरला. “त्या चौघांबरोबर मी एकदा जेवलोय, दामा. एकदाच. मासे होते. मतांबद्दल बोललो. दुसरं काही नाही.”

“धनी, तो रंग होता.”

“काय?”

“मंजिष्ठाचा. शिपायाचा झगा होता, मी तो त्याच कुंडीत टाकला. माझ्या हातून झालं. मालक मारेल म्हणून रक्त म्हटलं, आणि मग गुत्त्यात...”

वेतिलियस पलंगाच्या कडेवर बसला. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने तोंडावर हात घट्ट दाबून धरला. बाहेर दारवान खोकला.

“रंग,” तो म्हणाला. “मग जाऊन सांग. सगळ्यांना सांग. ऑर्बियस आज चौकात बोलणार आहे.”

“सांगतो, धनी.”

“तुला ठाऊक आहे ना तो कसा बोलतो? तो कॉन्सल चौकातल्या भाषणाच्या ओट्यावर चढला आणि बोलायला लागला की पुराव्याचं काम उरत नाही. माझे काका त्याच्या एका भाषणानंतर...” त्याने वाक्य सोडून दिलं आणि दामाचं मनगट धरलं. हात थंड आणि ओला होता. “मी तुला मोकळं केलं तेव्हा माझ्या हाताने तुझ्या डोक्यावर टोपी घातली होती. आठवतंय?”

“अकरा वर्षं आठवतंय, धनी.”

“मग माझं डोकं आज तुझ्या हातात आहे.”

*

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. देवळांच्या पायऱ्यांवर, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर, सोनारांच्या दुकानांच्या छपरांवर माणसं होती, पण एवढ्या माणसांचा जेवढा आवाज यायला हवा तेवढा येत नव्हता. शत्रूच्या जहाजांच्या पितळी चोची ठोकलेल्या त्या उंच ओट्यावर रोमचा त्या वर्षीचा सर्वोच्च अधिकारी, कॉन्सल ऑर्बियस, उभा होता, एकटा, काटकुळा, डोकं थोडं कललेलं. मोठ्याने बोलायचं त्याच्या मनातच दिसत नव्हतं. लोक त्यामुळे श्वास धरून होते.

दामा कोपरांनी वाट काढत निम्म्यापर्यंत पोचला, तोच त्याच्या कानावर त्याचीच गोष्ट आली.

“एक गरीब माणूस,” कॉन्सल म्हणत होता, “सकाळी आपल्या कामाला लागतो. एक टोगा उलगडतो. डाग. तुम्ही-आम्ही काय म्हणू? सांडलं असेल.”

तो थांबला. दामा गुत्त्यात याच जागी घाई करायचा. कॉन्सलने घाई केली नाही. त्याने हवेत दुसरा टोगा उलगडला, तिसरा उलगडला, सावकाश, बोटांच्या चिमटीत काठ धरून, आणि चौकातल्या हजारो माणसांच्या माना त्या नसलेल्या कापडाबरोबर खाली झुकल्या. दामाचीही झुकली. कापड नसताना त्याला विणीचा जाडपणा कळला. हा माणूस आपल्या धंद्यात असता, असं एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं, आणि पाठीवरून घामाची धार उतरली.

कारण कॉन्सल आता त्याच्या गोष्टीच्या पुढे निघाला होता. दामाने कधीही न सांगितलेला एक चांदीचा पेला त्याच्या बोलण्यात आला. कोणाचं तरी रक्त होतं, ते आता एका मुलाचं झालं. चुलीत लपवलेल्या मशाली आल्या, दक्षिणेच्या दरवाजाचा पहारेकरी आला, दिवस ठरला, घटका ठरली. जवळच उभ्या असलेल्या एका बाईने आपलं पोर पदराखाली ओढून घेतलं.

“मी नावं घेणार नाही,” ऑर्बियस म्हणाला. “त्यांनाही आया आहेत. त्यांच्या बायकांनी मला काही केलेलं नाही. एक जण आज पहाटेच उत्तरेच्या दरवाजाने घोड्यावरून निघून गेला, त्याचंही नाव मी घेणार नाही. तो का गेला? त्याला कोणी जा म्हटलं होतं? माझ्या हातात शस्त्र दिसतंय तुम्हाला? मी फक्त बोलतोय.”

आणि बोलता बोलता तो डावीकडे पाहत राहिला. फक्त पाहत राहिला. तिथे खडूने पांढरेफेक केलेल्या टोग्यांत दोन माणसं उभी होती. त्यांच्याशेजारचा माणूस एक पाऊल सरकला. त्याच्या शेजारचा दोन पावलं. कोणी ढकललं नाही, कोणी ओरडलं नाही; पण बघता बघता त्या दोघांभोवती फरसबंदीचा एक गोल उघडा पडला, आणि ते दोघे त्यात नागडे केल्यासारखे उभे राहिले. त्यातला एक काहीतरी बोलू पाहत होता. त्याचे ओठ हलत होते. जागा इतकी मोकळी झाली होती, तरी ऐकू काहीच येत नव्हतं.

मग कॉन्सलने मागे हात केला आणि कोणीतरी त्याच्या हातात एक टोगा दिला. खराखुरा. त्याने तो उलगडून काठ वर धरला. गर्दीतून एक कण्हणं उठलं. दामाने तो तपकिरी डाग पाहिला. तो डाग कुठल्या कुंडीतला, कुठल्या झग्याचा, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. पण त्याच्याही तोंडात गोडसर चव आली.

“दामाबाबा.” सेपियस न्हावी कुठूनसा त्याच्या बाजूला आला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “तू खरं बोलत होतास रे.”

“नव्हतो.”

“गप! कोणी ऐकेल.”

“अरे, नव्हतो! रंग होता तो, शप्पथ.”

सेपियसने त्याच्याकडे पाहिलं, आणि तोही एक पाऊल बाजूला सरकला.

“पाच आहेत,” वरून आवाज आला, आता भरदार, दगडांवर आपटून परत येणारा. “पाचांपैकी जो आज पहिला माझ्याकडे येईल आणि बोलेल, त्याला अभय. हा माझा शब्द. दुसऱ्याला नाही. दुसऱ्यासाठी माझ्याकडे फक्त ती इमारत आहे.” त्याने टेकडीच्या पायथ्याच्या तुरुंगाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, आणि तरी सगळे तिकडे वळले.

दामाच्या खांद्यावर हात पडला. गुत्त्यातला तो नीटनेटका माणूस होता.

“चला बाबा,” तो म्हणाला. “साहेब वाट बघतायत.”

*

ओट्यामागे, फळ्यांच्या सावलीत, बारा दंडधारी भिंतीसारखे उभे होते. त्या माणसाचं नाव निकियास; तो कॉन्सलचा लेखनिक होता. त्याने दामाला एका बाकावर बसवलं, पाणी दिलं, टोग्याला लावतात तसा हळुवार हात त्याच्या पाठीला लावला.

“घाबरू नका. तुम्हाला काही होणार नाही. काम एवढंच आहे. वर जायचं, जे गुत्त्यात सांगितलंत ते सांगायचं, आणि पाचवं नाव.”

“खूण उसवली होती.”

“हो, तसं म्हणालात. लोक मात्र चार नावांवर घरी जायला तयार नाहीत.”

“आणि मी म्हटलं की ही सगळीच थाप आहे?”

निकियासने थोडा विचार केला. खरोखरच विचार केला.

“तुरुंगात एक तळघर आहे. त्याला दार नाही, छताला भोक आहे. कट करणारा आणि खोटी साक्ष देणारा, दोघांना त्याच भोकातून खाली सोडतात. खाली एक जण दोर घेऊन बसलेला असतो. तो विचारत नाही की तुम्ही दोघांपैकी कोण.”

एवढ्यात कॉन्सल पायऱ्या उतरून खाली आला. जवळून तो म्हातारा दिसत होता. घाम पुसत, घसा खाकरत त्याने मधाचं पाणी मागितलं, आणि पेल्याच्या कडेवरून दामाकडे पाहिलं.

“तू तो चाखणारा?”

“हो, साहेब.”

“चाखण्याची जागा फार छान आहे. मी तिथे एका शब्दालाही हात लावला नाही.”

“साहेब, तो डाग मुळात...”

ऑर्बियसने बोट वर केलं.

“मला नको. वर सांग. मी एकट्याने ऐकून काय उपयोग?”

तो पुन्हा पायऱ्या चढला. दामाच्या पाठीवरचा निकियासचा हात निघून गेला. त्याला कोणीतरी पलीकडून हाक मारली होती. दोन दंडधाऱ्यांनी दामाला बाकावरून उठवलं.

दामाने मनात हिशेब केला. मेलेल्याचं नाव सांगता येईल. गेल्या उन्हाळ्यात तापाने गेलेला एखादा सिनेटर, त्याला आता कोण काय करणार? पण मेलेल्याचा टोगा परवापरवा धुवायला कसा आला, हे पहिलं पोरही विचारेल. परदेशी गेलेल्याचं नाव? त्याला बायकामुलं असतील. चाळीस वर्षांत प्रथमच त्याला एकही गोष्ट सुचत नव्हती. वेतिलियस गर्दीत कुठेतरी उभा असेल, भिंतीला लागून, त्याच्याकडे डोळे लावून. ती ओली, थंड बोटं त्याला अजून मनगटावर जाणवत होती.

पायऱ्या आठ होत्या.

*

दवंडीवाल्याने छाती भरून श्वास घेतला आणि रिवाजाप्रमाणे साक्षीदाराचं पूर्ण नाव पुकारलं.

“लुसियस वेतिलियसने मुक्त केलेला, वेतिलियस दामा, परीट!”

दामाने हा विचारच केला नव्हता. स्वतःचं नाव त्याने कित्येक वर्षांत असं अख्खं ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने ते ओठांत घोळवलं, शेजाऱ्याकडे वळला. शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडे. आणि ते नाव चौकभर पाण्यासारखं पसरत मागे मागे गेलं. चार नावं बेधडक सांगणारा माणूस पाचव्यापाशी का अडखळला, ते आता त्याला तोंड न उघडताच सगळ्यांना कळलं होतं.

“सांग,” कॉन्सल मृदू आवाजात म्हणाला.

इतकी माणसं दामाने आयुष्यात पाहिली नव्हती. अनवाणी तळवे फळ्यांवर पटपट वाजत होते, आणि ते थांबवायला म्हणून त्याने अंगठे रोवले.

“रक्त नव्हतं,” तो म्हणाला.

मागचे लोक ओरडले, मोठ्याने, मोठ्याने!

“रक्त नव्हतं! रंग होता! मी परीट आहे, माझे गुडघे दुखतात. एका शिपायाचा लाल झगा होता, मंजिष्ठाचा, कच्चा. मी तो टोग्यांच्या कुंडीत टाकला. दोनदा तुडवायला नको म्हणून. टोगे घडीत होते, म्हणून डाग एकाच जागी आले. मालक रागावेल म्हणून मी रक्त म्हणालो. मी चाखलंही नाही. कोणी चाखतं का ते? पाचवा नाही. चौथाही नाही. कोणीच नाही. मी आळशी आहे, एवढंच आहे.”

त्याच्या तोंडून आलेली ही पहिलीच गोष्ट, जिच्यात काहीच घडत नव्हतं. पेला नाही, मूल नाही, मशाली नाहीत. ती इतकी बेचव होती की ती सांगताना त्याचीच मान खाली जात होती. पण चौक गप्प होता, आणि तो गप्पपणा मघासारखा नव्हता. पुढे उभ्या असलेल्या कातडं कमावणाऱ्याने कपाळाला आठ्या घालून टोग्याच्या त्या डागाकडे पुन्हा पाहिलं, जसं धंद्यातला माणूस पाहतो, आणि हळूच मान डोलावली. कुठेतरी लांब एक बाई फिसकन हसली. ओपियाच असावी. त्या मोकळ्या गोलातल्या दोघांपैकी एकाने डोळे मिटून घेतले आणि त्याचे खांदे खाली आले. कोणीतरी, धीर करून, त्याच्या दिशेने अर्धं पाऊल पुढे सरकलं.

वेतिलियस दिसतोय का म्हणून दामाने भिंतीच्या कडेने नजर फिरवली.

“खोटं.”

आवाज त्याच्या पाठीमागून, पायऱ्यांवरून आला.

दामा वळला. वेतिलियस वर चढून आला होता. त्याच्या अंगात टोगा नव्हता, साधा सदरा होता, आणि निकियासने त्याचं कोपर हळुवार धरलं होतं, आजाऱ्याला धरतात तसं. त्याने दामाकडे पाहिलं नाही. दामाच्या अंगावरून पुढे होऊन तो ओट्याच्या अगदी कडेशी गेला, पितळी चोचींच्या वर, जिथून सगळ्यांना दिसेल.

“हा खोटं बोलतोय,” लुसियस वेतिलियस म्हणाला, आणि मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्याने आवाज चढवला. “रक्तच होतं. मी प्यालोय.”